डोक्यात कल्ला, छातीत धडधड: अशा वेळी प्रार्थना नेमकी करायची तरी कशी

बेळगावात कुणालाही कसं काय विचारा, उत्तर एकच येतंय, "टेन्शन हाय बघा". उद्यमबागेतला फाउंड्रीचा सुपरवायझर असू दे, वडगावात माग चालवणारे काका असू देत नाहीतर पीयूसीला, म्हणजे बारावीला बसलेली पोरगी. ऊस जाऊन महिने झाले खरं बिल नाही, संघाच्या म्हणजे बचत गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी दारात, पोरगं पुण्यात कंपनीला आणि रात्री एकदा फोन उचलला नाही की इकडं आईचा जीव वरखाली, त्यात जमिनीचा उतारा कन्नडमधनं, तो वाचून घ्यायला परत कुणाच्या तरी हातापाया पडा. आणि रविवारी चर्चमधनं बाहेर पडताना कुणीतरी पाठीवर हात ठेवून सांगतंय, "प्रार्थना करा हो, सगळं ठीक होतंय."

बरोबरच आहे ते. खरं कशी करायची ते कोण सांगत नाही. डोळे मिटले की हप्ताच दिसतोय, "हे प्रभू" म्हटलं की पुढचं वाक्य सुचत नाही, मग वाटतंय आपला विश्वासच कमी पडला, म्हणजे आधीच्या टेन्शनवर अजून एक टेन्शन. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. कॅथलिक, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल कुणी पण असा, यातलं बहुतेक सगळ्यांना चालण्यासारखं आहे.

आधी अंग शांत करा, मग तोंड उघडा

बायबलातल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढा. एलीया संदेष्टा. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, आणि लगेच पुढं ईजबेल राणीचा निरोप येतो की उद्या या वेळेपर्यंत तुला मारते, आणि हा माणूस जो पळतो तो पार बैर-शेब्यापर्यंत, चाकराला तिथंच ठेवतो आणि स्वतः रानात एक दिवसाची वाट चालून एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं परमेश्वरा, माझा जीव घे. इथं देवानं काय केलं बघा. लेक्चर दिलं नाही, विश्वास कुठं गेला तुझा म्हणून विचारलं नाही. एलीया झोपला, देवदूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खायला घातलं, कारण पुढची वाट तुला झेपणार नाही असं देवदूत स्वतः म्हणतो. बोलणं झालं ते होरेब डोंगरावर पोचल्यावर, चाळीस दिवसांनी.

तेव्हा डोकं फिरायला लागलं की पहिला प्रश्न, जेवलोय का? काल किती झोपलो? आपल्याकडं जेवण टाळून चहावर चहा मारायची सवय लई वाईट, रिकाम्या पोटी तिसरा चहा घेतला की धडधड वाढणारच, त्याला सैतानाचा हल्ला म्हणायचं कारण नाही. भाकरी खा, पाणी प्या, जमलं तर वीस मिनिटं आडवं व्हा. उपास-प्रार्थना चांगलीच, पण अंग आधीच थकलंय आणि झोप उडालीय अशा आठवड्यात उपास धरू नका, पाळक साहेबांना सांगितलं तर ते पण हेच म्हणतील.

मग श्वास. खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसा. मनात चार मोजत नाकानं श्वास आत, सहा मोजत हळू बाहेर. बाहेरचा श्वास लांबवला की हृदयाचे ठोके थोडे थोडे खाली येतात, हे शरीराचंच काम आहे, देवानंच तसं बनवलंय. आता आकड्यांच्या जागी शब्द घाला. आत घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता", सोडताना "माझ्यावर दया कर". ही प्रार्थना कुणी आज युट्यूबवर काढलेली नाही, पूर्वेकडच्या मंडळ्यांतले साधू शेकडो वर्षांपासून अशीच करत आलेत, आणि तिचं मूळ यरीहोच्या रस्त्यावर ओरडणाऱ्या आंधळ्या बार्तिमायाच्या हाकेत सापडतंय, मार्क १० मध्ये. त्याला लोक गप्प बस म्हणत होते तरी तो जास्तच ओरडला. पाच मिनिटं करा. मन भरकटणार, भरकटू द्या, परत शब्दावर आणा, प्रत्येक वेळी स्वतःला शिव्या घालायची गरज नाही. कॅथलिक घरात रोझरी असते, मणी बोटांत धरून तेच काम होतंय, हाताला काहीतरी धरायला मिळालं की मन पण जरा थांबतंय.

एकदम घाम, थरथर, आता मी मरतोय असं वाटणं, हा पॅनिक अटॅक असला तर तो साधारण दहा मिनिटांत चढतो आणि मग उतरायला लागतो. त्या वेळी मोठी प्रार्थना जमणार नाही, "येशू" एवढंच म्हणत श्वास सोडत राहा. पण छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, हातात जबड्यात कळ जात असेल, तर गॅस आहे की टेन्शन आहे ते घरात बसून ठरवायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

नोटीस देवापुढं पसरायची

माझ्या मते सगळ्या शास्त्रात चिंतेवरचा सगळ्यात कामाचा प्रसंग २ राजे १९ मध्ये आहे आणि त्यावर प्रवचन कमीच ऐकू येतंय. अश्शूरचा राजा सन्हेरीब यरुशलेमवर चालून आलाय, हिज्कीया राजाला धमकीचं पत्र येतं. हिज्कीया ते वाचतो, मंदिरात जातो आणि ते पत्र परमेश्वरासमोर उलगडून पसरतो. हे बघ काय लिहिलंय, तूच वाच. मग प्रार्थना, आणि त्या प्रार्थनेत सन्हेरीबाचं नाव घेऊन बोलणं आहे, गोलमाल नाही.

आपण काय करतो? "प्रभू आमच्या सर्व समस्या दूर कर, आमेन." कुठली समस्या? मनात सगळं एकमेकांत गुंतलेलं असतंय, दसऱ्याच्या आधी बेळगाव स्टँडवर बॅगा, पोती, माणसं सगळी एकाच दारातनं घुसतात तसं, आणि कुठलीच गाडी हलत नाही. म्हणून एक वही घ्या, पोरांची जुनी अर्धी कोरी वही चालते. आज रात्री जे जे डोक्यात फिरतंय ते एकेका ओळीत लिहा, नावानिशी, रकमेनिशी, तारखेनिशी. "पैशाचं टेन्शन" असं नाही, तर "१० तारखेला साडेचार हजारचा हप्ता, हातात दोन हजार." "सासूबाईंची तब्येत" असं नाही, तर "सोमवारी शुगरचा रिपोर्ट येणार, वाईट असेल याची भीती." जेवढं बारीक लिहाल तेवढं बरं. खरोखरची नोटीस, मेसेज, रिपोर्ट असेल तर तोच टेबलावर ठेवा, त्यावर हात ठेवा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. देवाला माहीत नाही म्हणून नव्हे, तुमच्या तोंडून ते एकदा बाहेर पडावं म्हणून. १ पेत्र ५:७ मध्ये जे आहे, "त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो," ते टाकणं म्हणजे असं हातात धरून टाकणं.

लिहून झालं की प्रत्येक ओळीपुढं एक खूण. माझ्या हातात काही आहे का? असेल तर एकच छोटं काम लिहा, उद्या सकाळी करता येईल असं. नसेल तर फक्त "प्रभू, हे तुझं" आणि ओळ तिथं सोडा. यरुशलेमची भिंत बांधताना शत्रू चालून येणार कळल्यावर नहेम्यानं काय केलं, देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला, एकाच वचनात दोन्ही आहे, नहेम्या ४:९. आणि हाच हिज्कीया, ज्यानं पत्र पसरलं, त्यानं शहरात पाणी आणायला खडकातनं बोगदा पण खणवला होता, पाचशे मीटरच्या वर लांब, तो यरुशलेममध्ये अजून आहे आणि लोक आज पण त्यातनं चालत जातात. म्हणजे प्रार्थना करणाऱ्यानं हातपाय हलवायचे नाहीत असं शास्त्रात कुठंच नाही.

हप्त्याचीच ओळ घ्या. हातातलं काम म्हणजे वसुलीवाला यायच्या आधी आपणच ऑफिसला जाऊन मुदत मागणं, घरातल्यांना खरा आकडा सांगणं, नवीन कर्ज काढून जुनं फेडायचं नाही हे ठरवणं. आणि कोण दारात येऊन धमकी देत असेल, घरातल्या बायकांना वाट्टेल ते बोलत असेल, तर २०२५ मध्ये कर्नाटकात मायक्रो फायनान्सच्या असल्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कायदा झालाय, पोलीस स्टेशनला तक्रार देता येते. ही तक्रार देणं म्हणजे क्षमा न करणं असं काही नाही.

रडायचं असेल तर देवापुढं रडा

आपल्याकडं चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहिलं की सगळं गोडच सांगायचं असतंय. बायबलातले स्तोत्रकर्ते मात्र तसे नव्हते. स्तोत्र १३ बघा, सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनातच चार वेळा विचारलंय की कुठवर, परमेश्वरा, कुठवर? स्तोत्र ४२ मध्ये माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतोय की तू का खिन्न झालास. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटी "तरी पण देव चांगला" अशी ओळ पण नाही, आणि तरी ते शास्त्रात ठेवलंय.

स्तोत्र १३ वरून आपली स्वतःची प्रार्थना कशी बनवायची ते सांगतो. पहिल्यांदा देवाला हाक मारा आणि तक्रार करा, जशी आहे तशी. मग मागणं, स्पष्ट. मग पूर्वी कधी त्यानं सांभाळलं होतं असा एखादा प्रसंग आठवून तो बोला, २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं होतं तेव्हा कोण धावून आलं, आईच्या ऑपरेशनला पैसे कुठनं उभे राहिले, असलं काहीतरी. तो आठवला नाही तर तिथंच थांबा, ८८ वं स्तोत्र पण तिथंच थांबतंय.

आणि हे सगळं घरच्या बोलीत. आपल्या भागात गंमत अशी की शाळा कन्नड नाहीतर इंग्लिश, घरात मराठी, कुणाच्या घरी कोंकणी, आणि प्रार्थनेला उभं राहिलं की एकदम पुस्तकातली भाषा, "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होऊन". चर्चमध्ये ठीक आहे. एकटं असताना "देवा, मला लई भ्या वाटालंय" म्हणा, बास झालं. तेच तेच परत म्हटलं तरी चालतंय. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं तीन वेळा तीच प्रार्थना केली, मत्तय २६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. त्याचा जीव त्या वेळी मरणप्राय दुःखी होता असं तो स्वतःच शिष्यांना म्हणाला, आणि त्यांना जवळ थांबा म्हणून सांगितलं. घाबरणं हे पाप असतं तर हा प्रसंग तिथं नसता.

आभार मानायचं पण असतंय, फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये पौल चिंता, विनंती आणि आभार एकाच दमात सांगतो, आणि ते पत्र त्यानं तुरुंगातनं लिहिलंय हे लक्षात घ्या. वहीत रोज एकच ओळ आभाराची. ती पण बारीक, "आज बसमध्ये जागा मिळाली" एवढी असली तरी.

दिवसात हे बसवायचं कुठं

सकाळी मोबाईलच्या आधी पाच मिनिटं. एवढं जमलं तर अर्धं काम झालं. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात गेला, मार्क १:३५, आणि पुढच्याच वचनांत शिष्य शोधत येतात की सगळे तुम्हाला शोधतायत, म्हणजे त्याला पण लोक सोडत नव्हते. एकच स्तोत्र, हळू, शक्यतो मोठ्यानं. २३ वं सगळ्यांना पाठ असतंय, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही," पण पाठ असल्यामुळं घाईत उरकतो, म्हणून एका दिवसाला एकच वचन घ्या आणि तेच धरून राहा. दुपारी कामावर असताना डब्याआधी तीन श्वास, वर सांगितलेली प्रार्थना. बस.

रात्रीची पद्धत इग्नेशियस लोयोला यांची, सोळाव्या शतकातले, ज्या जेझुइट फादरांनी आपल्या कॅम्पातली सेंट पॉल्स शाळा चालवली त्या संघाचे संस्थापक. दिवस मागं वळून बघायचा, सकाळपासून रात्रीपर्यंत. कुठं देव जवळ वाटला, कुठं मी चिडलो किंवा घाबरलो, कशाबद्दल माफी मागायची, उद्या कशासाठी मदत हवी. दहा मिनिटं पुरे. चिंता करणाऱ्या माणसानं मात्र माफीच्या भागात जास्त वेळ रमायचं नाही, नाहीतर स्वतःलाच कोर्टात उभं केल्यासारखं होतंय आणि झोप जाते.

झोपेचंच सगळ्यात अवघड. रात्री तीनला जाग आली की प्रत्येक गोष्ट दुप्पट मोठी दिसते, म्हणून तीनला कुठलाही निर्णय घ्यायचा नाही हा नियमच करा. मोबाईल बघायचा नाही, बघितला की व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप झालं की रील. स्तोत्र १२१ मनात म्हणा, इस्राएलचा रक्षक डुलकी घेत नाही की झोपत नाही असं त्यात आहे, म्हणजे राखणीला कोणीतरी जागं आहे, आपण जागायची गरज नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून मंद दिव्यात बसा, स्तोत्र १३१ वाचा, तीनच वचनं आहेत, मला न झेपणाऱ्या मोठ्या गोष्टींत मी पडत नाही, आईजवळ दूध सुटलेलं मूल असतं तसा माझा जीव मी निवांत केलाय, असं त्याचं सांगणं. डोळे जड झाले की परत आडवं व्हा.

एकट्यानं ओढायचं नाही

निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलाय आणि त्याचा सासरा इथ्रो येऊन तोंडावर सांगतो, तू करतोस हे बरं नाही, तू पण झिजशील आणि लोक पण. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला लावतो. आपल्या मंडळीत हा अध्याय दर वर्षी नाताळच्या आधी वाचायला पाहिजे. संडे स्कूल पण तीच बाई, क्वायर पण तीच, महिला मंडळाचा हिशेब पण तीच, आणि ती दमली म्हटली की सेवेत मन नाही म्हणायचं! एखादी जबाबदारी या वर्षी नको म्हणा. तू फार गोष्टींची काळजी करतेस असं मार्थेला येशूनं जे सांगितलं ते स्वयंपाकघरातल्या मार्थेलाच सांगितलं होतं, आपल्याला ते आपल्यासाठी ऐकू येत नाही एवढंच.

आणि एक माणूस शोधा, जास्तीत जास्त दोन, ज्यांना वहीतली ओळ दाखवता येईल. निवडताना जपून. छोटं गाव, सगळे सगळ्यांचे पाव्हणे, शुक्रवारच्या प्रेयर मीटिंगमध्ये विनंती म्हणून सांगितलेलं रविवारपर्यंत खानापुरात पोचलेलं असतंय. ज्याच्या तोंडून दुसऱ्यांच्या गोष्टी आपण कधी ऐकल्या नाहीत असाच माणूस बघा. त्याला सरळ विचारा, "आठवड्यातनं एकदा माझ्यासोबत प्रार्थना करशील का, उपदेश नको, फक्त सोबत." पाळक साहेबांकडं किंवा फादरकडं जायचं असेल तर भक्तीनंतर दारात उभं राहून सांगू नका, तिथं त्यांचं पण लक्ष नसतंय, फोन करून अर्ध्या तासाची वेळ मागा. काहीच जमत नसेल तर कामाच्या दिवशी दुपारी एखाद्या रिकाम्या चर्चमध्ये नुसतं जाऊन बसा, फातिमा कॅथेड्रल असू दे नाहीतर आपलं मेथडिस्ट, आत रस्त्याचा हॉर्न जरा तरी कमी ऐकू येतो.

गोळ्या म्हणजे अविश्वास नव्हे

हे नीट ऐका. दोनेक आठवडे रोज झोप नाही, जेवण जात नाही, कामावर जाणं होत नाही, सारखी भीती, तर डॉक्टरकडं जायचं, आणि प्रार्थना पण चालू ठेवायची. आधी साध्या डॉक्टरकडं, कारण थायरॉइड, रक्त कमी असणं यातनं पण धडधड आणि घबराट येते, एका रक्ततपासणीत कळतंय. पुढं मानसोपचार लागला तर बेळगावात सिव्हिलला म्हणजे बिम्सला विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्याचीच संस्था आहे. घरातनं बाहेर पडायचीच लाज वाटत असेल तर टेली-मानसला फोन करा, १४४१६, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, आणि कन्नड, मराठी दोन्हीत बोलता येतंय. २०२२ पासून चालू आहे खरं आपल्या लोकांना अजून माहीत नाही.

चिंतेवरच्या रोजच्या गोळ्यांचा गुण यायला बऱ्याचदा दोन ते सहा आठवडे लागतात, चौथ्या दिवशी काही फरक नाही म्हणून सोडायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद पण करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. कुठल्या सभेत कुणी स्टेजवरनं म्हणालं की विश्वास असेल तर गोळ्या फेकून द्या, तर तिथनं उठून घरी या. पौलासोबत फिरणारा लूक हा वैद्य होता, कलस्सैकरांस ४:१४ मध्ये पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, त्याला औषधाची पेटी फेक असं काही पौल म्हणाला नाही.

जीव द्यावासा वाटतोय असं कुणी बोललं, चेष्टेत बोललं तरी, त्याला एकटं सोडू नका, औषधं आणि शेतातली फवारणीची बाटली नजरेआड ठेवा, १४४१६ लावा, लगेचचा धोका वाटला तर ११२. एलीया पण हेच बोलला होता आणि देवानं त्याला एकटं ठेवलं नाही.

घरातल्यांसाठी शेवटचं. "एवढं काय त्यात", "बायबल वाचत नाहीस म्हणून होतंय", "शेजारच्यांचं बघ" ही तीन वाक्यं बंद. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते तोपर्यंत सगळं ठीक होतं, तोंड उघडल्यावर बिघडलं. तेव्हा जवळ बसा, जेवलास का विचारा, डॉक्टरकडं जाताना सोबत जा, आणि प्रार्थना करायची असेल तर आधी विचारून, दोन मिनिटांत संपणारी करा.